आडोशाकडचं टोपण

त्या वर्षांत फेब्रुवारी उजाडला की शेलवोगचं बंदर बोटींनी असं भरून जायचं, की पाण्याला पाय न लावता या काठावरून त्या काठावर चालत जावं. धक्क्याला एक बोट, तिच्या बाहेरच्या अंगाला दुसरी, दुसरीला तिसरी. थंड समुद्रातला कॉड मासा अंडी घालायला लोफोटनच्या किनाऱ्याशी यायचा आणि त्याच्या मागे सगळा उत्तर मुलूख लोटायचा. प्रत्येक बोटीच्या टपावर एक लोखंडी धुराडं, त्यातून धुराची काळपट शेपटी, आणि साऱ्या बंदरावर डिझेल, कॉफी आणि उकडलेल्या कलेजीचा मिळून एकच वास. तो वास ओळखणारी माणसं आता थोडी उरली.

एवढ्या बोटी खेटून राहायच्या म्हणजे काही रीतभात लागतेच. दुसऱ्याच्या डेकवरून जायचं तर पुढच्या बाजूने जायचं, पाय न वाजवता. खिडकीत डोकावायचं नाही. आत कुणी झोपलेलं असतं, कुणी अंग पुसत असतं. नवी बोट आली की तिने हाक द्यायची, आणि उत्तर आलं नाही तरी दोर टाकून बांधून घ्यायचं. वादळात आडोसा मागणाऱ्याला कुणी नाही म्हणत नसे.

गुन्वोर आणि हेल्मर ही भावंडं ‘तेर्ना’ नावाच्या बोटीवर मासे धरत. बोट बापाची, लाकडी, जुनी. दोघंही पन्नाशी ओलांडलेली, दोघंही बिनलग्नाची. गुन्वोरचं एकदा ठरलं होतं, पण तिला समुद्र सोडवेना आणि त्याला समुद्र सोसवेना. हेल्मरचं कधी ठरलंच नाही. आई गेली, बाप गेला, घरात ही दोघं उरली, आणि दिवसभर एकमेकांना टोमणे मारण्यात त्यांचं बरं चाललं होतं.

त्या हिवाळ्याआधी हेल्मरने बोटीतली बापाची शेगडी काढून टाकली. ती साधी होती. टाकीतून थेंब थेंब डिझेल एका लोखंडी भांड्यात पडायचं, जळायचं, शेगडीचं अंग तापायचं आणि धूर धुराड्यातून टपाच्या वर जायचा. वारा उलटा फिरला की तोच धूर खाली यायचा. मग खोकत, डोळे चोळत, शिव्या देत सगळे उठायचे. तिच्या जागी हेल्मरने डिझेलवरचाच नवा हीटर बसवला. बाकाखाली मावेल एवढं खोकं, आत छोटा पंखा.

“हे बघ, यात दोन हवा असतात,” त्याने बहिणीला समजावलं होतं. “एक बाहेरून येते, डिझेलबरोबर जळते आणि नळीने बाहेरच जाते, बोटीच्या कुशीतल्या या भोकातून. दुसरी आपल्या केबिनमधली. ती तापलेल्या पत्र्याच्या दुसऱ्या अंगाने फिरते, गरम होते आणि परत आपल्याकडे येते. मध्ये पत्रा. दोघींची भेट म्हणून नाही.”

“एका घरात राहून न बोलणाऱ्या जावा म्हण की.”

“तशाच. भिंत आहे तोवर भांडण नाही.”

धूर नाही, काजळी नाही, बारीक गुणगुण तेवढी. गुन्वोरला ती गुणगुण आवडत नसे. जुन्या शेगडीची ज्योत दिसायची. निळी असली की बरं, पिवळी झाली की कुठेतरी बिनसलंय. या खोक्याचं पोट दिसतच नव्हतं.

त्या दिवशी वादळ होतं. रेडिओने आदल्या संध्याकाळीच बजावलं होतं, त्यामुळे बंदरातली एकही बोट बाहेर पडली नव्हती. वारा धक्क्याच्या बाजूने, डोंगरावरून बर्फ घेऊन खाली कोसळत होता. तेर्ना रांगेत सगळ्यात बाहेर होती. तिच्या डाव्या अंगाला मोकळं पाणी.

सकाळी बाहेर पडताना गुन्वोरने डेकवरची दोन टोपणं बघितली. केबिनमध्ये हवा यावी म्हणून पुढच्या डेकवर डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशी भूछत्रासारखी दोन तोंडं होती, वरचं टोपण फिरवून उघडायची आणि मिटायची. वाऱ्याकडचं मिटायचं, आडोशाकडचं उघडायचं, म्हणजे बर्फ आत येत नाही आणि हवा खेळती राहते. बापाने तिला हे चालायला शिकवल्याबरोबर शिकवलं असावं. तिने उजवीकडचं घट्ट आवळलं, डावीकडचं पूर्ण उघडलं.

“कॉफी घेणार का, मी वर चाललेय,” तिने केबिनच्या तोंडावरच्या झडपेतून खाली विचारलं.

“मी आज उठणारच नाही,” हेल्मर पांघरुणातून म्हणाला.

“बाबांची शेगडी असती तर वर किटली तरी उकळत राहिली असती. तुझ्या या खोक्यावर काय ठेवू? डोकं?”

“ठेव की. रिकामंच आहे, लवकर तापेल.”

“पड मग मेल्यासारखा,” गुन्वोर म्हणाली आणि झडप सरकवून निघाली.

मच्छीमारांच्या सभागृहात पेट्रा कॉफी विकायची. वादळाच्या दिवशी तिथे बसायला जागा मिळत नसे. ओले हातमोजे शेगडीभोवती टांगलेले, काचा वाफेने पांढऱ्या झालेल्या. गुन्वोरने दोन कप कॉफी घेतली, विणायला लोकर काढली, आणि मोज्याची टाच वळवण्यात वेळ कसा गेला ते तिला कळलं नाही. खरं म्हणजे परत जायची तिला घाई नव्हती. हेल्मर झोपला होता, आणि ती अजून थोडी फुगलेली होती.

“दोन वॅफल बांधून देते हेल्मरला,” पेट्रा म्हणाली.

“बोटीवर वॅफल? अपशकुन म्हणून समुद्रात फेकील मला, वॅफलसकट. मग एप्रिलपर्यंत मासा लागला नाही की माझंच नाव.”

“मग तू खा इथे बसून. जमिनीवर खाल्लेलं माशांना कळत नाही.”

तेवढ्यात दार ढकलून एडविन आत आला. ‘ब्रोट’ या मोठ्या बोटीचा मालक. अंगाने मोठा, आवाजाने त्याहून मोठा. बर्फ झटकत त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “गुन्वोर! तुझी बोट पादते, ठाऊक आहे का तुला?”

सभागृह हसलं.

“माझी बोट सभ्य आहे,” गुन्वोर मान वर न करता म्हणाली. “तुझी संगत लागली असेल.”

“लागलीच आहे! केव्हाचा बांधलाय मी तुमच्या बाहेरच्या अंगाला. सकाळी तू धक्क्यावरून इकडे वळलीस ना, त्याच्या मागोमाग आम्ही समुद्रावरून आडोशाला आत शिरलो. आणि बघतो तर तुमच्या कुशीतल्या भोकातून फुर्र फुर्र, थेट माझ्या पांढऱ्या रंगावर. नवा रंग आहे बाई! बायको म्हणाली होती, या वर्षी तरी गावात लाज राखा.”

“मग? बोळा घातलास?”

“बोळा कशाला? जुनी ताडपत्री होती. माझ्या कठड्यावरून सोडली खाली, टोक तुमच्या कठड्यावरून आत घेतलं आणि डेकवरच्या कडीला बांधून टाकलं. आता पादू दे हवं तेवढं. माझा रंग झाकलेला.”

पुन्हा हशा झाला. गुन्वोरही हसली. सुई टाक्यात घातली आणि तिथेच तिचा हात थांबला.

“कुठल्या कडीला?”

“ती नाही का, पुढची. टोपणाच्या पलीकडची.”

“टोपण ताडपत्रीच्या बाहेर आहे की आत?”

“आत. झाकलं गेलं ते. का गं?”

“हेल्मर काही बोलला नाही?”

“काय बोलतोय! हाका मारल्या, टपावर बूट आपटला. मेल्यासारखा झोपलाय.”

शब्द तोच. सकाळी तिच्या तोंडून निघाला होता तोच.

उघडं टोपण. मोकळ्या पाण्याकडे तोंड करून उघडलेलं. त्याच बाजूला, कठड्याखाली, हीटरचं भोक. जुन्या शेगडीचा धूर टपाच्या वर जायचा, त्याला आडोशाशी काही देणंघेणं नव्हतं. म्हणून बापाची रीत खरी होती. आता धूर कुशीतून निघत होता, आणि जोवर बाहेर मोकळं पाणी होतं तोवर वारा तो उचलून नेत होता. आता तिथे ब्रोटची उंच भिंत होती. वर ताडपत्रीचं छप्पर. त्या तंबूत हीटर आपला उच्छ्वास सोडत होता, आणि जळायला लागणारी हवाही त्याच तंबूतून ओढत होता, दर वेळी आणखी शिळी, आणखी घाण. आणि त्या तंबूतल्या धुराला बाहेर पडायला एकच वाट होती, खाली केबिनमध्ये उतरणारी. ती तिने सकाळी आपल्या हाताने पूर्ण उघडून ठेवली होती.

मोजा खाली पडला. “पेट्रा,” ती म्हणाली, “नर्सबाईंना फोन कर. हेल्मर गुदमरलाय म्हणावं.”

“कोण गुदमरलं? अगं झोपलाय तो...” एडविन म्हणत होता. पण तेवढ्यात त्याचाही चेहरा उतरला. गुन्वोर दाराबाहेर होती. तिने कोटही घेतला नव्हता.

बाहेर काही दिसत नव्हतं. दिवस होता, पण उजेड राखेसारखा. बर्फ आडवा येत होता, तोंडावर मीठ मारल्यासारखा. धक्क्यावर ती दोनदा घसरली. ओहोटी लागली होती. बोटी खोल खाली गेल्या होत्या आणि लोखंडी शिडीच्या पायऱ्यांवर बर्फाची साल चढली होती. एरवी ती शिडी उतरायला पन्नाशीची बाई बेताने पाय टाकते. गुन्वोर निम्मी उतरली आणि निम्मी पडली.

पहिली बोट. दुसरी. पाय न वाजवता जायची रीत तिला आठवलीही नाही. तिचे बूट डेकवर धाडधाड वाजत होते.

“कोण बैल नाचतोय रे डोक्यावर?” दुसऱ्या बोटीच्या पोटातून कुणीतरी ओरडलं.

“हेल्मर!” ती ओरडली. वाऱ्याने हाक तिच्याच तोंडात परत कोंबली.

दुसऱ्या आणि तिसऱ्या बोटीमध्ये फट उघडत होती आणि मिटत होती. लाट आत आली की दोन्ही बोटी दूर होत, दोर ताणून कण्हत, खाली काळं पाणी दिसे. मग धाडकन टायरवर टायर आपटत. मिटली की उडी मारायची, एवढंच करायचं होतं. रोज करत होती ती. पण आज तिचे पाय तिथे रोवल्यासारखे झाले. मी पडले तर त्याच्याकडे कोण जाणार, असं तिच्या मनात आलं. आणि मग त्याहून वाईट: जाऊन तरी काय दिसणार? जोवर बघितलं नाही तोवर तो जिवंतच आहे. इथेच उभं राहावं.

फट मिटली. तिने उडी मारली. गुडघा कशावर तरी आपटला. ते तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

तेर्नाचं डेक पांढरं झालं होतं. दोर पांढरे, टोपल्या पांढऱ्या, उजवीकडचं टोपण म्हणजे बर्फाचा लाडू. आणि डावीकडे ताडपत्री, तेवढीच काळी आणि ओली. तिच्यावर एक कण बर्फ टिकत नव्हता. ती मंद फुगत होती, बसत होती, पुन्हा फुगत होती. गुन्वोरने कमरेचा सुरा काढला आणि कडीची दोरी कापली. ताडपत्री फडकन उडाली आणि तिच्या तोंडावर गरम, दमट हवा आली, गोठ्यात गाय जवळ येऊन श्वास सोडते तशी. वासही फारसा नव्हता. त्या गरम हवेत उघडं टोपण निवांत उभं होतं.

झडप सरकेना. तिच्या खाचेत पाणी गोठलं होतं. तिने दोन्ही हातांनी ओढलं, पायाने ढकललं. मग बर्फ फोडायची लाकडी मोगरी तिच्या हाताला लागली आणि ती झडपेवर घाव घालू लागली. प्रत्येक घावानंतर ती थांबून ऐकायची. खालून हेल्मरने शिवी हासडावी. इतकं वाजवल्यावर कुणीही उठेल. मेलेला उठेल, असं म्हणतात लोक. ते मनात येताच ती आणखी जोराने मारू लागली.

“सर बाजूला!” एडविन पोचला होता, धापा टाकत. त्याने मोगरी घेतली, तीन-चार घावांत खाच मोकळी केली. झडप सरकली. आतून ऊब वर आली.

“आत जाऊ नकोस लगेच. वारा शिरू दे. गुन्वोर, ऐक!”

तिने छातीभर हवा घेतली आणि ती खाली उतरली.

केबिन होती तशीच होती. दिवा जळत होता. कप खिळ्याला हलत होते. सगळीकडे अशी छान ऊब, की बाहेरून आल्यावर अंग सैल पडावं. बाकाखाली खोकं गुणगुणत होतं, पण रोजच्यासारखं नाही, थोडं घोगरं, दम लागल्यासारखं. हेल्मर आपल्या फळीवर उताणा पडला होता. त्याचे गाल गुलाबी होते, वाफेचं स्नान करून आलेल्या माणसासारखे. इतका टवटवीत तो कित्येक वर्षांत दिसला नव्हता.

झोपलाय, तिला वाटलं. देवा, झोपलाय नुसता. तिने त्याचा खांदा हलवला. खांदा हलला, डोकं त्याच्या मागून आलं, आणि सोडल्यावर जिथे पडलं तिथेच राहिलं.

छातीतली हवा संपत आली होती. तिने हीटरची कळ फिरवली. लाल दिवा विझला. खोकं मात्र गुणगुणतच राहिलं. बंद केल्यावर पंखा थोडा वेळ आपलं अंग थंड करत फिरतो, हे तिला ठाऊक होतं, रोज ऐकत होती. पण त्या क्षणी तिला वाटलं, हे ऐकतच नाहीये. हे आता कुणाचंच ऐकणार नाही. तिने त्याला एक लाथ घातली आणि नकळत श्वास घेतला.

“वर ये!” एडविन झडपेतून ओरडला. “दोर घे, त्याच्या काखेत घाल आणि वर ये!”

दोर तिच्या हातात होता. रोज दहा वेळा मारते ती गाठ तिला आठवेना. बोटं लांब कुठेतरी, दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी. कपाळात ठोके पडू लागले. तिने हेल्मरला मिठी मारून उचललं, दोर पाठीमागून घेतला, आणि गाठ बसली ती तिच्या डोक्याने नाही, हातांनी. “ओढ!” एडविन ओढत होता, त्याच्यामागे दुसऱ्या बोटीवरचा तो शिव्या देणारा माणूसही येऊन ओढत होता, आणि ती खालून त्याच्या पायांना खांदा देऊन ढकलत होती. हेल्मरचा एक मोजा निघून तिच्या हातात आला. मग तो झडपेतून वर गेला आणि तिच्या तोंडावर बर्फ पडला. तिने तोंड उघडून तो बर्फ गिळला.

डेकवर त्यांनी त्याला उताणा ठेवला. एडविन गुडघ्यांवर बसला, त्याचं नाक दाबलं, तोंडाला तोंड लावून फुंकू लागला. एवढा मोठा माणूस, दर फुंकरीनंतर त्याच्या तोंडाशी कान नेऊन लहान मुलासारखा बघायचा.

“येतोय का?” गुन्वोर विचारत होती. “येतोय का रे?”

“गप्प बस! वाऱ्यात ऐकू येत नाही.”

तिने हेल्मरच्या छातीवर हात ठेवला. छाती हलत होती. पण बोट हलते तशीच हलत होती. त्याच्या अंगातलं हलणं कुठलं आणि समुद्राचं कुठलं ते तिला सांगता येईना. तिने आपला गाल त्याच्या तोंडाशी नेला. वारा. नुसता वारा. त्या गुलाबी गालांवर बर्फाचे कण पडत होते आणि वितळत होते. वितळताहेत तोवर गरम आहे, ती स्वतःला सांगत होती. वितळताहेत तोवर.

मग हेल्मरच्या घशात काहीतरी खवखवलं. त्याचं पोट आत ओढलं गेलं आणि तो ओकला, एडविनच्या बाहीवर.

“ओकला!” एडविन रडत ओरडला. “ओकला बेटा! कुशीवर करा त्याला, कुशीवर!”

नर्स बेर्गिट सामानाची घसरगाडी धक्क्यापर्यंत पायाने रेटत आली. प्राणवायूची नळकांडी दोरीने खाली सोडली आणि स्वतः शिडीवरून उतरली. तोवर हेल्मरला ब्रोटवर, एडविनच्या जेवायच्या खोलीत नेलं होतं. तिथे लांब बाक होता आणि कोपऱ्यात लोखंडी शेगडी. बेर्गिटने त्याच्या तोंडावर मुखवटा बसवला, डोळ्यांत दिवा मारला, नाडी धरली.

“वाचला ना?” एडविनने विचारलं.

“श्वास घेतोय. दवाखान्याची बोट या वाऱ्यात येत नाही, उतार पडल्यावर निघतो म्हणाले. तोवर हाच दवाखाना.” मग ती गुन्वोरकडे वळली. “नीट ऐक. हा वायू रक्तात बसतो आणि डोक्याला हवा पोचू देत नाही. श्वास परत आला म्हणजे माणूस परत आला, असं धरू नकोस. किती उरलाय ते तो बोलला की कळेल. त्याच्याशी बोलत राहा. नाव विचार, गाव विचार. झोपू देऊ नकोस.”

गुन्वोर बाकाशेजारी जमिनीवर बसली. “हेल्मर,” ती म्हणाली, “नाव काय तुझं?”

हेल्मरने डोळे उघडले. निळे डोळे, तिच्या ओळखीचे. पण त्यांच्या मागे कुणी नव्हतं. ते तिच्यावरून सरकले आणि छताकडे गेले.

“नाव सांग. हेल्मर, मी विचारतेय.”

मुखवट्याच्या आतून एक शब्द आला. “आई.”

“आई नाही, मी गुन्वोर.”

“आई, पाणी.”

तिने बेर्गिटकडे पाहिलं. बेर्गिटने नजर नाडीवर ठेवली होती.

मासा लागला नाही, बोट बुडाली, भाऊ बुडाला, अशी भीती तिला आयुष्यभर सवयीची होती. पण भाऊ समोर असेल, श्वास घेत असेल आणि तरी आत नसेल, ही भीती तिला कधी शिवली नव्हती. दहा महिने, दहा वर्षं याला आपण चमच्याने भरवतोय आणि हा आपल्याला आई म्हणतोय, असं तिला लख्ख दिसलं. टोमणा मारला तर समोरून उत्तर नाही. ती उठली, खोलीचं दार सताड उघडलं आणि ते मिटू नये म्हणून दोराचं वेटोळं त्याच्यापुढे ठेवलं. बर्फ आत आला.

“गुन्वोर, शेगडीला धुराडं आहे गं, वर टपापर्यंत,” एडविन हळूच म्हणाला. “तिचं काही नाही.”

गुन्वोरने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. एडविनने आपल्या कोटाची गुंडी लावली आणि तो दाराकडे पाठ करून उभा राहिला.

“तो रंग,” शेवटी तो म्हणाला. “तो रंग मी उन्हाळ्यात खरवडून टाकणार आहे.”

“रंगाला काय कळतं?” बेर्गिट म्हणाली. “कॉफी कर.”

त्याने कॉफी केली. ती कुणी पिण्याआधी थंड झाली. जमिनीवर बर्फाची पातळ चादर साचू लागली. बेर्गिट टोपी घालून बसली, तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला, पण दाराबद्दल तीही बोलली नाही. गुन्वोर विचारत राहिली. नाव काय. गाव कुठलं. बोटीचं नाव काय. बाबांचा कुठला पाय लंगडा होता. ती सरळ प्रश्नांवरून आडव्यातिडव्या प्रश्नांवर गेली, मग विनवण्यांवर, मग रागावर. “बोल ना रे मेल्या,” ती म्हणाली आणि जीभ चावली. हेल्मरचे डोळे मिटत होते. ती त्याचा कान ओढून ते उघडत होती. एकदा तो “तेर्ना” म्हणाला. पण तेर्ना म्हणजे समुद्रपक्षीही. बोट म्हणाला की पक्षी, कुणास ठाऊक. एकदा तिच्याकडे पाहून त्याने भुवया आवळल्या, जणू कुठेतरी पाहिलीय या बाईला.

नळकांड्यातली हवा सूं सूं करत होती. गुन्वोरला आता काय विचारावं ते सुचेना. तिने त्याचा उघडा पाय, ज्याचा मोजा निघाला होता तो, दोन्ही हातांत धरला. पाय बर्फासारखा होता.

हेल्मरने पाय मागे ओढला.

मुखवट्याखाली काहीतरी पुटपुटलं गेलं. बेर्गिटने तो जरा वर उचलला.

“गुन्वोर,” हेल्मर म्हणाला. आवाज खरखरीत, पण त्यात नेहमीचा वैताग होता, जसाच्या तसा. “गोठ्यात जन्मलीस का? दार कोण लावणार?”

एडविन धावत दाराकडे गेला.

“हात लावू नकोस त्याला,” गुन्वोर म्हणाली.

तिने अंगावरचं लोकरी जाकीट काढून त्याच्या पायांभोवती गुंडाळलं, आणि बेर्गिटने मुखवटा पुन्हा बसवायच्या आत घाईघाईने विचारलं, “बोल, आणखी बोल. आणखी काय चुकलंय माझं?”